सात लीव्हरचं कुलूप सध्या बाजूला ठेवा

प्रिय ताई,
मी डोंबिवलीला राहते, ज्युनिअर कॉलेजात अकाउंट्स शिकवते. माझा भाऊ नेदरलँड्सला असतो. दिवाळीत तो आला तेव्हा किल्लीवाचून कुलपं उघडायच्या पातळ पोलादी हत्यारांचा, म्हणजे ‘पिकां’चा (एक ‘पिक’), एक संच घेऊन आला. तिकडे तो अशा छांदिष्टांच्या गटात जातो. त्याने दोन-तीन संध्याकाळी बसून दाखवलं आणि मला वेडच लागलं. तो परत गेल्यावर मी बाजारातून सात लीव्हरचं चांगलं पितळी कुलूप आणलं आणि तेव्हापासून त्याच्याशी झटते आहे. ते ढिम्म हलत नाही. संचातला एक टेन्शनर, म्हणजे कुलपाला पीळ द्यायची पट्टी, तर वाकला. सासूबाई म्हणतात, ‘ही चोरांची विद्या घरात कशाला?’ रागाने नाही म्हणत, काळजीने म्हणतात. बिल्डिंगमध्ये कळलं तर लोक काय समजतील, ही त्यांची खरी भीती. मुलगा तेरा वर्षांचा आहे, त्यालाही शिकायचंय. मी हे सोडून द्यावं का? आणि सोडायचं नसेल तर सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, डोंबिवली

सोडू नका. तुमच्या हातात काहीही खोट नाही. भावाने आणलेला संच आणि तुम्ही आणलेलं कुलूप ही जोडीच जुळणारी नाही, म्हणून गाडी अडली आहे.

युरोपात घरांच्या दारांना बहुतेक पिनांचं सिलिंडर असतं आणि तुमच्या संचातले हुक (टोक वर वळलेली पिक), रेक (लाटांच्या आकाराची पिक) आणि टेन्शनर त्याच्यासाठी घडवलेले आहेत. आपल्याकडे दुकानाच्या शटरला, गोडाऊनला, कोयंड्याला जे जाडजूड कुलूप लावतात ते बहुतेक वेळा लीव्हरचं असतं. त्याच्या पोटात पिना नसतातच. तिथे पातळ पत्र्यांची, म्हणजे लीव्हरांची, चवड असते. प्रत्येक पत्र्याला एक खाच असते आणि प्रत्येकाला एक स्प्रिंग खाली दाबून धरते. किल्ली फिरली की तिचे दाते प्रत्येक पत्रा ठरलेल्या उंचीपर्यंत उचलतात. साऱ्या खाचा एका ओळीत आल्या की खटका सरकतो. एक पत्रा कमी उचलला गेला तरी खटका अडतो आणि जास्त उचलला गेला तरी अडतो. रॉबर्ट बॅरन नावाच्या इंग्रज माणसाने १७७८ साली या युक्तीचं पेटंट घेतलं. अडीचशे वर्षं होत आली तरी ती आपल्या दाराला लटकते आहे, यावरून ती किती पक्की आहे ते समजा. असं कुलूप उघडायला एका तारेने खटक्याला ओढ द्यावी लागते आणि त्याच भोकातून घातलेल्या दुसऱ्या तारेने एकेक पत्रा उचलावा लागतो. तुमचा चपटा टेन्शनर खटक्यापर्यंत नीट पोचणारच नव्हता. जोर लावलात, तो वाकला. त्यात नवल काही नाही.

यापुढे कुलूप घेताना आधी किल्ली बघा. किल्ली चपटी आणि तिच्या एका कडेला उंचसखल दाते असतील तर आत पिना आहेत, ते घ्या. किल्लीला दांडी असेल आणि टोकाच्या चपट्या पानावर चौकोनी खाचा असतील तर ते लीव्हरचं, ते पुढच्या वर्षासाठी. हल्ली नव्या फ्लॅटच्या दारांना येते तशी, सपाट अंगावर गोल खड्डे पाडलेली किल्ली दिसली तर तिकडे सध्या फिरकूच नका. तिला वेगळ्या पिका लागतात.

आता पिनांच्या कुलपाच्या आत काय चालतं ते एकदा नीट समजून घ्या. अकाउंट्स शिकवणाऱ्या माणसाला नोंदी कुठे जुळतात हे कळल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

किल्लीचं भोक ज्या गोल दांड्यात कापलेलं असतं त्याला प्लग म्हणतात. प्लग फिरला की कुलूप उघडलं. तो फिरू नये म्हणून वरून पाच-सहा ठिकाणी पिनांच्या जोड्या त्यात उतरलेल्या असतात. खालची पिन किल्लीला टेकते, वरची तिच्यावर बसते, आणि तिच्या डोक्यावर स्प्रिंग. किल्ली नसताना वरची पिन अर्धी प्लगमध्ये आणि अर्धी बाहेरच्या कवचात अडकलेली असते. बरोबर किल्ली घातली की प्रत्येक जोडीचा सांधा नेमका प्लगच्या कडेवर येतो आणि वाट मोकळी होते. प्राचीन इजिप्तमध्ये लाकडी कुलपं याच तत्त्वावर होती. अमेरिकेतल्या लायनस येल (धाकटे) यांनी चपट्या किल्लीचं रूप देऊन १८६१ साली पेटंट घेतलं, आणि आज जगभरच्या दारांत तेच आहे.

मग किल्लीवाचून ते उघडतं कसं? यंत्राने कितीही काळजीपूर्वक पिनांची भोकं पाडली तरी ती तंतोतंत एका रेषेत येत नाहीत. केसाहून बारीक फरक राहतोच. त्यामुळे प्लगला किंचित पीळ दिला की सगळ्या पिना एकदम आवळल्या जात नाहीत. जिचं भोक सगळ्यात जास्त बाजूला सरकलेलं, ती आधी आवळली जाते. तिला पिकने हळूच वर ढकललं की सांधा कडेवर येतो, प्लग अगदी नावापुरता फिरतो, आणि वरची पिन त्या चिमूटभर पायरीवर अडकून वरच राहते. मग दुसरी कुठलीतरी आवळली जाते. ती शोधायची. अशी एकेक करत शेवटची बसली की प्लग फिरतो. सगळी विद्या एवढीच आहे. माणसाने बनवलेल्या वस्तूत राहून गेलेल्या बारीक चुका बोटांनी वाचायच्या.

म्हणून हात हलका हवा. नव्या माणसाचं जवळजवळ नेहमी इथेच चुकतं. टेन्शनरवर जोर दिला की साऱ्या पिना एकदम आवळून बसतात आणि बोटांना काहीच कळेनासं होतं. मोबाइलच्या पडद्यावर बोट टेकवताना जेवढा दाब पडतो, तेवढ्यापासून सुरुवात करा. नखाकडे बघा. बोटाचं टोक पांढरं पडत असेल तर दाब जास्त झाला.

पहिला सराव टेन्शनर न लावताच करा. हुक भोकात अगदी मागपर्यंत घाला आणि हळूहळू पुढे आणत प्रत्येक पिन वर ढकलून सोडा. ती स्प्रिंगवर उडी मारून परत येते, ते बोटाला कळू द्या. पिना किती आहेत ते मोजा. मग टेन्शनर लावून तेच करा. आता बाकीच्या पिना तशाच उसळतील, एक मात्र घट्ट आणि मुकी लागेल. तीच आपली. तिला वर ढकलताना फार बारीक ‘टक’ होतं. कानापेक्षा ते टेन्शनर धरलेल्या बोटाला आधी जाणवतं. पहिल्यांदा जाणवेल तेव्हा थांबा, टेन्शनर सोडा, सगळ्या पिना खाली पडू द्या, आणि तीच पिन पुन्हा शोधा. कुलूप उघडायची घाई करू नका. एक पिन हमखास सापडायला लागली की पुढचं सारं त्याच वाटेने येतं.

सरावासाठी हार्डवेअरच्या दुकानातून मॉर्टिस लॉकचं, म्हणजे दाराच्या फळीत बसवायच्या कुलपाचं, सुटं सिलिंडर आणा, साधं आणि स्वस्त. ते एका छोट्या व्हाइसमध्ये (वस्तू घट्ट पकडणाऱ्या शिकंज्यात) धरलंत की दोन्ही हात मोकळे राहतात. हातात धरून, दुसऱ्या हाताने टेन्शनर आणि पिक सांभाळायची कसरत सुरुवातीला नकोच. जमलं तर ते सिलिंडर उघडून पिना काढा आणि आधी एकच जोडी ठेवून उघडा, मग दोन, मग तीन. यासाठी प्लगच्या बरोबर जाडीचा लाकडी दांडका लागतो. किल्ली लावून प्लग थोडा फिरवायचा आणि बाहेर सरकवताना मागून तो दांडका आत सारायचा, म्हणजे वरच्या पिना आणि स्प्रिंगा जागच्या जागी राहतात. हे काम मोठ्या पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून करा. ती स्प्रिंग डोळ्यांना दिसेल न दिसेल एवढी असते आणि निसटली की थेट कपाटाखाली जाते. खालच्या पिना काढताना त्यांचा क्रम बिघडू देऊ नका, नाहीतर स्वतःची किल्ली लागणार नाही. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची सरावाची कुलपं मिळतात, त्यांत आतलं सगळं दिसतं. मुलाला समजावायला ती छान. पण ती इतकी ढिली असतात की त्यातून हाताला काही शिकवण मिळत नाही. तुम्ही त्यात अडकू नका.

कुलूप सहज फिरत नसेल, आत किरकिरत असेल तर पेन्सिलच्या शिशाची पूड चिमूटभर भोकात सोडा. खोबरेल किंवा स्वयंपाकाचं तेल कधीही नको, त्यात धूळ बसून राळ होते.

हत्यारांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मोठा संच असला की लोक प्रत्येक आकाराची पिक वापरून बघत बसतात आणि एकही हातात बसत नाही. एक आखूड हुक, एक जरा उंच हुक, आणि दोन-तीन जाडीचे टेन्शनर पुरे. पिकच्या पोलादाची जाडी साधारण ०.६ मिलिमीटर असते, अरुंद भोकासाठी ०.४ मिलिमीटरची. रेक म्हणजे लाटांच्या आकाराची पिक. ती पुढे-मागे घासली की स्वस्त कुलपं नशिबाने उघडतात. माझं मत विचाराल तर पहिले काही महिने रेक डब्यातच राहू द्या. कुलूप उघडेल, पण ते का उघडलं ते तुम्हाला कळणार नाही. वाकलेल्या टेन्शनरच्या जागी नवा विकत घ्यायलाही नको. गाडीच्या जुन्या वायपरच्या रबरात पोलादाची एक लांब पट्टी असते, ती काढून टोक काटकोनात वाकवली की झक्क टेन्शनर होतो. पिक घरी करायची असेल तर हॅक्सॉ ब्लेड घासून होते. घासताना तापली की पाण्यात बुडवत राहा, नाहीतर पोलादाचं पाणी उतरतं आणि पिक मऊ पडते.

पुढे कधीतरी असं होईल की प्लग एकदम बराच फिरेल, आता उघडलंच असं वाटेल, आणि तिथेच थांबेल. कुलूपवाल्याने मुद्दाम मध्ये बारीक केलेली, रिळाच्या आकाराची पिन आत बसवली आहे असा त्याचा अर्थ. अशा वेळी जोर लावणं पूर्ण चूक. एकेका पिनला हळूच दाबत जा. जिला दाबल्यावर प्लग तुमच्या बोटाविरुद्ध उलटा फिरू बघतो, तीच ती. टेन्शनर जरासा सैल करा आणि प्लगला मागे येऊ द्या. आधी बसवलेली एखादी पिन खाली पडेल. पडू द्या, ती परत बसवता येते. उघडत आलेलं कुलूप आपल्या हाताने थोडं मागे सोडायचं, याला खरा धीर लागतो. या छंदातला मला सर्वांत प्रिय भाग हाच.

आता सासूबाईंचा प्रश्न. त्यांची शंका पोकळ नाही, तिला नीट उत्तर द्यायला हवं.

हाच प्रश्न १८५१ साली लंडनमध्ये जाहीरपणे विचारला गेला होता. त्या वर्षीच्या जागतिक प्रदर्शनाला अमेरिकेतून आल्फ्रेड चार्ल्स हॉब्स हे कुलूपकार आले होते. कोणी छेडछाड केली तर सुगावा देणारं, अभेद्य मानलेलं चब कंपनीचं कुलूप त्यांनी साक्षीदारांसमोर २५ मिनिटांत उघडलं. मग इंग्रज कुलूपकार जोसेफ ब्रामा यांचं कुलूप. लंडनच्याच पिकॅडिली रस्त्यावरच्या दुकानाच्या खिडकीत ते कित्येक दशकं लटकत होतं. हे जो उघडेल त्याला २०० गिनी, अशी पाटी सोबत. हॉब्स यांनी १६ दिवसांत मिळून ५१ तास काम करून ते उघडलं आणि बक्षीस घेतलं. वर्तमानपत्रांत गदारोळ झाला. असलं ज्ञान उघड केलं तर चोरांचं फावेल, असं लोक म्हणू लागले. हॉब्स यांचं उत्तर होतं की चोरांना हे आधीपासून येतं, अंधारात राहतो तो कुलूप विकत घेणारा सज्जन. मला हे उत्तर पटतं. घरफोडी करणारा अर्धा तास दाराशी बसून पिना मोजत नाही. तो कटावणीने कोयंडा उचकटतो. तुम्ही या छंदात सहा महिने काढलेत की बिल्डिंगमध्ये कोणाच्या दाराचा कोयंडा लेचापेचा आहे आणि कोणतं कुलूप नावापुरतं आहे, हे तुम्हालाच सर्वांत आधी कळेल. सासूबाईंच्या खोलीच्या कपाटापासून सुरुवात करून त्यांना ते समजावून सांगा.

पण नुसत्या युक्तिवादाने काळजी जात नाही. काम उघड्यावर करा. दार लावून, रात्री सगळे झोपल्यावर नको. संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर, त्या समोर बसून भाजी निवडत असताना करा. आणि या छंदाचे दोन नियम त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. हँबुर्गमध्ये १९९७ साली जर्मन छांदिष्टांनी संघटना काढली, मग नेदरलँड्समध्ये निघाली, पुढे अमेरिकेत. सगळीकडे हे दोन नियम पाळतात. जे कुलूप आपलं नाही, ते मालकाच्या परवानगीवाचून उघडायचं नाही. आणि जे कुलूप वापरात आहे ते, आपलं असलं तरी, सरावाला घ्यायचं नाही.

दुसरा नियम लोकांना जाचक वाटतो. माझ्याच घराचं दार, मी का नाही? त्याला सरळ कारण आहे. पिकने पिना आणि स्प्रिंगा दुखावतात. प्लग अर्धा फिरून उलटा झाला की काही कुलपांत वरच्या पिना किल्लीच्या फटीत घसरतात आणि कुलूप जागच्या जागी जाम होतं. मग किल्लीसुद्धा चालत नाही. हे टेबलावरच्या सिलिंडरला झालं तर तुम्ही काहीतरी शिकलात. रात्री दहा वाजता मुख्य दाराला झालं तर सगळं घर जिन्यात.

बिल्डिंगमध्ये कळलं तर काय, याचं उत्तर असं की कळणारच आहे. आणि कळल्यावर दुसरीच अडचण येईल. कोणीतरी किल्ली आत विसरेल आणि म्हणेल, ‘वहिनी, जरा उघडून द्या ना.’ तिथे नाही म्हणा. हसून, गोड बोलून, पण नाहीच. ते दार वापरात आहे, तुमचा हात अजून कच्चा आहे. शिवाय एकदा दुसऱ्याचं दार उघडून दिलंत की पुढे बिल्डिंगमध्ये काहीही हरवलं तरी नजरा तुमच्या दाराकडे वळतील. किल्लीवाल्याचा नंबर द्या आणि घरमालक समोर असतानाच दार उघडायला सांगा.

किल्लीवाल्याचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. स्टेशनबाहेर कानस आणि किल्ल्यांचा जुडगा घेऊन बसणाऱ्याशी ओळख करून घ्या. कोरी किल्ली भोकात घालायची, पीळ देऊन हलवायची, पितळेवर पिनांचे बारीक ठसे उठतात ते उजेडात तिरपं धरून बघायचे आणि नेमकं तिथेच घासायचं, असं करत तो कुलूप न उघडता त्याची किल्ली घडवतो. युरोपातल्या संमेलनांत या कामाच्या घड्याळ लावून स्पर्धा होतात. आपल्याकडचा कारागीर उन्हात बसून पोटासाठी रोज ते करतो. त्याला मान द्या, त्याचा वेळ घेतलात तर पैसे द्या. किल्ल्या हरवलेली जुनी कुलपं त्याच्याकडे असतील तर विकत मागा. तुमच्या सरावाला तीच उत्तम.

कायद्याची एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १२२ प्रमाणे सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडीचं हत्यार समाधानकारक कारणाशिवाय जवळ सापडलं तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि कारण योग्य होतं हे ज्याच्याजवळ हत्यार सापडलं त्यानेच सिद्ध करायचं असतं. तेव्हा संच घरातच ठेवा, पर्समध्ये टाकून फिरू नका. कॉलेजातून संध्याकाळच्या लोकलने येताना ‘छंद आहे हो’ हे रेल्वे पोलिसांना पटवायची वेळ कशाला आणायची? परदेशी जातानाही त्या देशाचा कायदा आधी बघा. जपानमध्ये २००३ च्या कायद्याने अशी हत्यारं व्यवसायाच्या किंवा इतर योग्य कारणावाचून बाळगणंच गुन्हा आहे.

मुलाला शिकवा. तेरा वर्षं हे चांगलं वय आहे, बोटं हलकी असतात. पण आधी उघडायला शिकवू नका, आधी खोलायला शिकवा. एक सिलिंडर त्याच्यापुढे ठेवा, पिना काढू द्या, कागदावर क्रमाने मांडू द्या, किल्लीच्या दात्यांशी प्रत्येकीची लांबी जुळवून बघू द्या, आणि परत भरायला सांगा. किल्ली लागली तर पिक हातात. संच तुमच्या कपाटात राहील आणि तुम्ही घरात असताना, तुमच्यासमोरच निघेल. शाळेत एकही पिक जायची नाही. मित्रांना दाखवायचं असेल तर मित्रांनी घरी यावं, त्यांच्या आईला तुम्ही फोन करून आधी सांगावं. सायकलचं कुलूप, वर्गातलं कपाट, आजीची पेटी, यांतलं काहीही गंमत म्हणून उघडलं तर शिकवणं त्या दिवशी बंद. हे त्याला पहिल्याच दिवशी सांगा आणि वेळ आली तर खरोखर बंद करा.